कुलपातलं सीरम

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने मला विचारलं होतं, "तुझा माझ्यावर तरी विश्वास आहे का?" मी म्हटलं होतं, "अजून बघतेय." त्याला तो विनोद वाटला. मी दुधाची पिशवी उजेडात धरून बघूनच फोडते, भाजीवाल्याने हसून पुढे केलेली जुडी बाजूला सारून मागची उचलते, आणि गॅसचा सिलिंडर वजन करून दिल्याशिवाय घरात घेत नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मला या गुणाबद्दल एक टोपणनाव आहे. ते मला माहीत नाही असा सगळ्यांचा समज आहे.

माझ्या नोकरीत मात्र या स्वभावाचं कौतुकच व्हायचं. शहरातल्या एका संशोधन संस्थेत माणसाच्या आतड्याच्या पेशी वाढवायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्याशा परदेशी रुग्णाच्या पोटातून कधीकाळी काढलेल्या या पेशी. काचपात्रात, म्हणजे प्लेटमध्ये, इन्क्युबेटरच्या शरीराइतक्या उबेत, लालसर पोषक पाण्यात त्या वाढतात. त्या पाण्याला आम्ही मिडियम म्हणायचो, आणि त्यात वासराच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं निवळ पाणी, घालावं लागायचं. इतकं सकस खाणं मिळालं की हवेतला कुठलाही जंतू तिथे पंगतीला बसायला टपलेलाच असतो. हात नीट धुतला नाही, बोलताना तोंड पुढे आलं, की तीन दिवसांनी सगळं गढूळ. अशा कामाला संशयी माणूसच लागतो. आमच्या विभागाचे प्रमुख, सर, म्हणायचे, "बाई आहेत म्हणून खोली स्वच्छ आहे."

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बसगाड्या थांबायला लागल्या होत्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं दूधवाल्याच्याही आधी रस्त्यावर दिसायची. बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं. आमच्या संस्थेतही एक नवी कंपनी आली. तिला म्हणे दह्यातल्या चांगल्या जंतूंची कॅप्सूल काढायची होती. जी गोष्ट आपण वाटीभर शेजारून मागून आणतो ती गोळीत भरून विकायची, यातच मला पहिलं काळंबेरं दिसलं. पण सरांना प्रश्न विज्ञानाचा होता, आणि तो खरंच चांगला होता.

प्रश्न असा. आतड्याच्या पेशीवर जुलाबाचा जंतू चालून आला की पेशी ओरडते. तोंडाने नव्हे, एक रसायन सोडून. ते रसायन शरीरातल्या पहारेकऱ्यांना बोलावतं. पहारेकरी येतात, मारामारी करतात, आणि त्या मारामारीत आतड्याचीच नासधूस होते. तीच सूज. थोडी सूज हवीच, नाहीतर शत्रू घरात शिरेल. पण ओरडा फार झाला तर शत्रूपेक्षा पहारेकरीच महागात पडतात. मग शत्रू यायच्या आधी पेशीच्या शेजारी दह्यातले जंतू नेऊन बसवले, तर ती कमी ओरडेल का? त्यांच्या संगतीने तिला जरा पोच येईल का?

हे करून बघायला सरांनी एक मुलगी नेमली. विदर्भातून आलेली, तेवीस-चोवीसची, प्रकल्प सहायक. तिची नेमणूक मार्चअखेरपर्यंत होती. निष्कर्ष चांगले निघाले तर मुदतवाढ आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी.ची नोंदणी, नाही निघाले तर सामान बांधायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, तिला तर पाठच होतं. घराघरांतून दही गोळा करून तिने जंतू वेगळे केले. कोथरूडचं दही, सदाशिव पेठेतलं दही, खडकवासल्याजवळच्या एका गोठ्यावरचं दही, आणि दिवाळीला गावी गेली तेव्हा स्वतःच्या आईने लावलेलं दही.

आणि सगळ्यांत चांगला निघाला तिच्या आईच्या दह्यातला जंतू!

मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "पेपर जिने काढला तिचीच लेक पहिली आली." तो म्हणाला, "येतात की कधी कधी." त्याला काय, तो कुणावरही विश्वास ठेवतो. म्हणून तर आमच्या घरी तीन निरनिराळे पाणी शुद्ध करायचे यंत्रवाले येऊन गेले होते आणि दोन यंत्रं अजून माळ्यावर आहेत.

पण खरोखरच तिचे आकडे डोळ्यांत भरतील इतके छान होते. नुसता जुलाबाचा जंतू घातला की पेशींचा ओरडा आभाळाला भिडायचा. आधी दह्याचा जंतू दोन तास बसवून मग शत्रू घातला, की ओरडा निम्म्यावर. प्रत्येक वेळी, आणि आखल्यासारखा सारखा. जिवंत गोष्टी इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत हे मी बारा वर्षांच्या अनुभवाने सांगू शकत होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा संशय आला की मग सगळंच बोलायला लागतं. ती सकाळी सातलाच यायची. का? खोलीत कुणी नसताना काय करते? ती वही लिहायची ती आधी पेन्सिलीने आणि मग शाईने. पेन्सिल कशाला? ती कधी उलट उत्तर द्यायची नाही. "हो न मॅडम," "करते न मॅडम," बस्स. आमच्या पुण्यात जो माणूस उलट बोलत नाही तो एकतर बहिरा असतो नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं.

एकदा ती जेवायला गेली असताना मी तिचा खण उघडला. हे लिहिताना मला आजही ओशाळं वाटतं, पण तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला मी कर्तव्यदक्ष वाटले होते. आत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा, कंगवा आणि बँकेच्या भरतीपरीक्षेचं एक पुस्तक होतं. झालं. जिला बँकेत जायचंय तिला पेशींशी काय देणंघेणं, असा निकाल मी उभ्याउभ्या लावून टाकला. मार्चनंतर पोट कसं भरायचं याची सोय ती बघत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी ठरवलं की तिला न सांगता सगळा प्रयोग स्वतः करून बघायचा. तिच्या वहीतली कृती मी उतरवून घेतली. तिचाच दह्याचा जंतू घेतला, तोच जुलाबाचा जंतू, त्याच पेशी. फक्त मिडियम माझ्या हाताने बनवलं. माझ्या डब्यातल्या सीरमने.

या डब्याचं सांगायला हवं. खोलीत सीरमचा एक सामाईक साठा होता, तो सगळे वापरायचे. मी वापरायची नाही. कुणी कुठला हात लावला असेल, कुणी बाटली उघडी ठेवली असेल, सांगता येत नाही. त्यामुळे नवी बाटली आली की पहिल्यांदा मी माझा वाटा काढून घ्यायची, छोट्या नळ्यांत भरायची आणि फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात माझ्या डब्यात ठेवायची. डब्याला कुलूप. बुधवार पेठेतून आणलेलं, चांगलं पितळी. विज्ञानाच्या फ्रीझरमध्ये पितळी कुलूप बघून पाहुणे हसायचे. हसोत बापडे.

प्रयोग केला. पेशी ओरडल्या. दह्याचा जंतू शेजारी बसलेला असूनही त्या तेवढ्याच ओरडल्या. मी पुन्हा केला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा केला तेव्हा तर मला आनंदच झाला होता, हे मी कबूल करते. माझा तर्क खरा ठरला होता. मुलगी आकडे रचत होती.

तिला मी काही विचारलं नाही. चोराला विचारून का कुणी झडती घेतं? मी माझे तिन्ही तक्ते घेऊन थेट सरांच्या खोलीत गेले.

सरांनी तक्ते दोनदा वाचले. तिच्या प्रयोगावरचा पेपर टाइप होऊन तयार होता, कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती. त्यांनी तिला बोलावलं. ती दारात उभी राहिली आणि तिने आधी माझ्याकडे बघून हसून मान हलवली, रोजच्यासारखी. मग तक्ते तिच्यासमोर ठेवले गेले.

"हे बाईंनी केलंय. तीनदा," सर म्हणाले. "तुझ्यासारखं एकदाही आलं नाही. असं का?"

ती तक्ते बघत राहिली. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, पकडली गेली म्हणून. मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, मंगळवारी तुमची प्लेट इन्क्युबेटरमध्ये होती न, ती मी पाहिली होती. मला वाटून राहिलं होतं की तिचा रंग…"

"रंग बघून निदान करायला आपलं काय हळदीकुंकवाचं दुकान आहे का?" मी म्हटलं.

सर किंचित हसले. त्या हसण्याने ती गप्प झाली ती झालीच. आकडे तिने रचले का, या प्रश्नाला तिने "नाही सर" एवढंच उत्तर दिलं. सरांनी तिला चोर म्हटलं नाही, ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फक्त पेपर थांबवला आणि मुदतवाढीच्या कागदावर सही केली नाही. मार्च संपायला नऊ दिवस होते.

शेवटच्या दिवशी तिने ओटा पुसला, जंतूंच्या नळ्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्या, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले. ती गेल्यावर मी यादी घेऊन फ्रीझर तपासला, की काही नेलं तर नाही. एक नळीही कमी नव्हती. उलट प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात सगळा तपशील होता. मला तेही जरा जास्तच वाटलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा कंपनीने त्या आईच्या दह्याच्या जंतूचा नमुना मागितला. सर म्हणाले, बाई, मिडियममध्ये थोडा वाढवून द्या. मी नळी काढली, मिडियम बनवलं, जंतू सोडला. दुसऱ्या दिवशी बघते तर काही नाही. हा जंतू वाढला की आंबट होतो, आणि आंबट झालं की मिडियमचा लालसर रंग पिवळा पडतो; दही लागल्याची ती खूणच. माझ्या नळीत कालच्यासारखाच गुलाबी रंग होता.

मला क्षणात उलगडा झाला. पोरगी जाता जाता सूड उगवून गेली! सगळ्या नळ्यांतले जंतू मारून ठेवले आणि वर सुवाच्य चिठ्ठ्या! मला राग आला आणि, खरं सांगते, बरंही वाटलं. आता हातच्या काकणाला आरसा कशाला? पण सरांपुढे जायचं तर पुरावा पक्का हवा. मिडियमच खराब होतं असं कुणी म्हणायला नको. म्हणून मी एकाच नळीतला जंतू दोन ठिकाणी सोडला. एकात माझं सीरम, दुसऱ्यात सामाईक साठ्यातलं, ज्याला मी एरवी हात लावला नसता.

सकाळी इन्क्युबेटर उघडला. सामाईक सीरमची नळी पिवळीधमक झाली होती. माझी गुलाबी.

यावर कुणीही शहाणं माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, माझ्या डब्याला कुणीतरी हात लावलाय. मी खाली वाकून कुलूप तपासलं. कुलूप धड होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि दुसरी किल्ली मी स्वतःच कधीच फेकून दिली होती, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मी डबा उघडून नळ्या ओळीने मांडल्या. अक्षर माझं. प्रत्येक झाकणावर एक बारीक फुली. तीही माझीच. ती फुली कसली, हे आठवायला मला खाली फरशीवर बसावं लागलं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवारी वीज जायची आणि आमचा जनरेटर त्या महिन्यात आजारी होता. दोन गुरुवार लागोपाठ हवा गाळणारं यंत्र बंद पडून माझ्या पेशी गढूळ झाल्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं मी माझ्या डब्यातल्या सगळ्या नळ्यांत प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, घालून ठेवलं होतं. चांगलं दुप्पट. मिडियमला वरून घातलं तर कुणी विचारेल, बाईंच्या हाताची स्वच्छता कुठे गेली, म्हणून सीरममध्येच. आणि कुणाला कळू नये म्हणून त्यावर शब्द न लिहिता नुसती फुली केली होती. वर्षभरात मीच ती विसरले.

मग पुढचं समजायला वेळ लागला नाही. जुलाबाचा जंतू रुग्णालयातून आलेला, औषधं पचवून निबर झालेला. त्याला माझ्या प्रतिजैविकाचं काही वाटलं नाही. दह्याचा जंतू बिचारा घरगुती. तो पहिल्या अर्ध्या तासातच गारद झाला असणार. म्हणजे तिन्ही वेळा मी पेशींच्या शेजारी मढी नेऊन बसवली होती आणि मग शत्रूला आत सोडलं होतं. सोबत नाही म्हणून पेशी ओरडल्या, आणि त्या ओरडण्यावरून मी एका मुलीला खोटं ठरवलं. दोन तास जिवंत जंतू शेजारी असते तर प्लेट थोडी तरी पिवळट झाली असती. ती गुलाबीच होती. तेच ती मुलगी सांगत होती.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. डबा फेकून द्यावा असंही मनात आलं. नळ्या गटारात गेल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. तिसऱ्या दिवशी सामाईक सीरम घेऊन तिचा प्रयोग तिच्या वहीबरहुकूम केला. ओरडा निम्म्यावर आला. आखल्यासारखा. जिवंत गोष्टी कधी कधी शहाण्यासारख्या वागतात. त्यांना हातचलाखी लागत नाही, स्वच्छ हात लागतो. मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, फुलीसकट.

सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे बाई, राखणीला कुत्रा ठेवला आणि त्याने पाहुण्यालाच फाडलं म्हणायचं." मी मान खाली घातली. ते लागलीच पत्र लिहायला बसले. मुदतवाढ, नोंदणी, पेपरवर तिचं पहिलं नाव. पोस्टाने पाठवू म्हणाले. मी म्हटलं, मी नेऊन देते.

ती गावी गेली नव्हती. कोथरूडमध्येच एका इमारतीत शिकवणीच्या क्लासच्या वर एक कचेरी होती. अमेरिकेतले डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवायचे ते कानाला यंत्र लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं तिथलं काम. तेव्हा शहरात अशा कचेऱ्या जागोजागी निघाल्या होत्या. मधल्या सुट्टीत ती खाली आली. गळ्यात ओळखपत्र होतं. मला बघून दचकली, पण लगेच म्हणाली, "या न मॅडम, चहा घेऊ."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. मी तिला डबा, कुलूप, फुली, सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. चूक माझी होती, तू खरी होतीस, असं मी तीनदा म्हटलं. आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं.

तिने ते सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, जमलं. मग तिने ते घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं आणि माझ्या बाजूला परत सरकवलं.

"सरांना माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली. "पेपरवर नाव टाकतील तर टाका म्हणा, आईला दाखवता येईल. पण मी नाही येणार."

"अगं, पण का? इथे काय आहे? दिवसभर दुसऱ्याचं बोलणं उतरवून काढायचं! तुझा हात सोन्याचा आहे." मी हे कधी तिला आधी म्हटलं नव्हतं. "इथे कुणी तुझ्यावर पहारा ठेवत नाही म्हणून का?"

"ठेवतात न," ती म्हणाली. "एक बाई आहेत आमच्यावर. माझी एकेक ओळ तपासतात. तुमच्याहून कडक आहेत." तिने चहाचा कप उचलला, पण प्यायली नाही. "पण चूक सापडली तर आधी मला बोलावतात, मॅडम."

मी पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं. तिची सुट्टी संपली होती. तिने कप खाली ठेवला, "येते मॅडम" म्हणाली आणि जिना चढून कामावर गेली.